पायापाशी ठेवलेल्या चपला

पाटीलसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या हातात ब्युरेट होती. टायट्रेशन अर्धवट सोडायचं नाही ही त्यांचीच शिस्त, म्हणून शेवटच्या थेंबाला रंग बदलेपर्यंत थांबले आणि मग रडले... त्याला आता महिना होऊन गेला.

तळोज्याच्या ज्या कारखान्यात मी आज लॅब सांभाळते, तिथे मला त्यांनीच घेतलं. आईबाप आपटा गावाजवळ वीटभट्टीवर. मी बीएस्सी झाले, तरी अर्जातला ‘कंपनीत ओळख कोणाची’ हा रकाना रिकामाच. मुलाखतीत मॅनेजरने पहिलंच विचारलं, “वडील काय करतात?” म्हटलं, “विटा पाडतात.” पुढे विषयाचं एक अक्षर कोणी विचारलं नाही. त्यात मी चपला केबिनबाहेर काढलेल्या! साहेबाच्या खोलीत चपला घालून जायचं नसतं, हे आमच्या घरचं शिक्षण. मॅनेजर गालात हसला. लॅबचे प्रमुख पाटीलसाहेब मात्र उठले. “चल, हात बघू तुझा,” म्हणत मला लॅबमध्ये घेऊन गेले. तिथेही मी अनवाणीच. ते बघून तसेच मागे फिरले, माझ्या झिजलेल्या चपला स्वतःच्या हाताने उचलून आणल्या आणि माझ्या पायापाशी ठेवल्या. “घाल आधी. इथं अ‍ॅसिड हाय!”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तशीच तीन टायट्रेशनं करून दाखवली. नोकरी मिळाली, पण त्या चपला काही डोक्यातून जाईनात. माझी कीव आली म्हणूनच घेतलं असणार... पंधरा वर्षं त्यांच्यासमोर बसून चहा प्यायले, पण विचारायची छाती झाली नाही.

तेराव्यानंतर खांदा कॉलनीत काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, भेटायला गेले आणि बोलता बोलता तोंडातून निघून गेलं. काकू चक्क हसल्या. “कीव? आणि यांना? अगो, माझ्या नणंदेचा पोर व्हता त्या दिवशी मुलाखतीला. मॅनेजर त्यालाच घेत व्हता, हेच हटून बसले. घरी येऊन म्हणाले, त्या पोरीचा हात एक थेंब चुकत नाय, आपल्या भाच्याची तिन्ही रीडिंगं चुकली. नणंद वर्षभर बोलली नाय आमच्याशी!”

इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! सुटकेचं मेलं हसूच आलं मला, त्यांच्या फोटोसमोर.

परवा आमच्याकडे मुलाखतीला एक मुलगी आली. चपला केबिनबाहेर. वडील काय करतात, ते मी विचारलं नाही. तिच्या चपला उचलून आणल्या आणि लॅबच्या दारात तिच्या पायापाशी ठेवल्या. पोरगी शरमेने अर्धी झाली.

“घाल,” म्हटलं, “आणि आत्ताच सांगून ठेवते... ही कीव नाही. इथं अ‍ॅसिड आहे.”