खंडेनवमी आणि सिस्टरची पेटी

निवृत्त झाल्यावर पहिले तीन महिने मी बायकोचं डोकं खाल्लं. कुकरची शिट्टी खोलली, मिक्सर खोलला, शेजाऱ्यांच्या दाराच्या बिजागऱ्या न विचारता बदलल्या. भोसरीच्या एका कंपनीत टूलरूममध्ये उभी हयात गेलेली, हात स्वस्थ बसणार कसे? शेवटी तिनं जुन्या चादरींचं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाली, "देहूरोडला सिस्टर लोकांचा आश्रम आहे, अपंग मुलींचा. तिथं देऊन या. आणि सावकाश या, घाई नाही."

कासारवाडीहून देहूरोड चौथं स्टेशन. आश्रमात पांढऱ्या साडीतल्या, साठीला आलेल्या मोठ्या सिस्टर भेटल्या. मी आपलं हिंदीत सुरू केलं, "सिस्टरजी, ये चद्दर..." तर त्या म्हणाल्या, "अहो काका, मराठीत बोला की. मी श्रीरामपूरची हाय." मी ओशाळलो. तेवढ्यात एक मुलगी चाकाच्या खुर्चीवरून गेली आणि चाक असं किंचाळलं की माझे दात शिवशिवले. बेअरिंग कोरडं ठाक! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "पान्हा आहे का पान्हा?" सिस्टरांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यांची हत्यारांची पेटी ती हीच. आत एक गंजलेली पक्कड, दात गेलेली कानस, लोखंड कापायचा हॅक्सॉ आणि हातानं फिरवायचं जुनं ड्रिल. "ह्याला हत्यारं म्हणता तुम्ही? भंगारवालासुद्धा घेणार नाही!" मी ओरडलो. पहिल्याच भेटीत, एका ननवर. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुमची आणा."

आणली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायला लागलो. खुर्च्या, कुबड्या, पलंग, नळ, जे पुढं येईल ते. कट्ट्यावरच्या मित्रांना नवा विषयच मिळाला. "काय राव, प्रार्थनेला पण बसतोस म्हणे?" मी म्हणायचो, "बसतो ना. त्या वेळी ठोकाठोक बंद ठेवावी लागते, मग उभं राहून काय करू?" एकदा पाहुणे आलेल्या फादरांनी मोठ्या प्रेमानं विचारलं, "आपण कुठल्या चर्चचे?" मी म्हटलं, "मी टूलरूमचा." फादर पोट धरून हसले. सिस्टरांनी मला कधी विचारलं नाही की मी काय मानतो, आणि माझ्या शर्टाच्या खिशातली अंगाऱ्याची पुडी खाली पडली तर त्या उचलून पुन्हा माझ्या हातात द्यायच्या.

ज्या मुलीच्या खुर्चीचं चाक किंचाळत होतं, ती वीस-एकवीस वर्षांची. गावाकडं विहिरीच्या कठड्यावरून पडली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तोंड मात्र शाबूत. मला म्हणायची, "काका, तुम्ही चिडलात की काम नीट होतं, म्हणून चिडवते." तिला नोकरी हवी होती. दोन कंपन्यांत जाऊन आली होती. एकीत आत जायला पायऱ्या, दुसरीत खुर्ची संडासाच्या दारातून जाईना. दोन्ही वेळा परत आल्यावर तिनं भरपूर विनोद केले आणि दोन दिवस जेवली नाही.

मग चाकणच्या एका कंपनीनं बोलावलं. गाड्यांच्या वायरी जोडायचं, बसून करायचं काम. अष्टमीला सिस्टरांनी तिला जागा दाखवून आणली. पायऱ्या नव्हत्या, दारं रुंद होती. पण खुर्चीचे हात टेबलाच्या कडेला अडत होते. तिचे हात वायरीपर्यंत पोचतच नव्हते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल. मी त्याच दुपारी आश्रमात गेलो, सिस्टरांनी आणलेली टेबलाची मापं बघितली, खुर्चीला टेप लावली आणि म्हटलं, "एवढंच ना? खुर्चीचे हात पुढून अर्धे कापतो, खाली पट्टीचा टेकू देतो. दोन तासांचं काम. उद्या हत्यारं घेऊन येतो."

ती नेहमीसारखी हसली नाही. "काका, या वेळी नाही जमलं तर मी परत कुठं जाणार नाही. सांगून ठेवते." मी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि घरी आलो.

आता गंमत ऐका. कंपनीत असताना खंडेनवमी मी कधी विसरलो नाही, कारण तेव्हा मशिनची पूजा आणि पेढे असायचे. निवृत्त माणसाला सगळे दिवस सारखेच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो, तर माझी झाडून सगळी हत्यारं पाटावर मांडलेली. धुतलेली, तेल लावलेली, वर हळदकुंकू आणि झेंडू. शेजारी बायकोचं शिलाई मशीन आणि विळीसुद्धा.

"ही उचलायची आहेत मला," मी म्हटलं.

"परवा सकाळपर्यंत हात लावायचा नाही. तुमच्या आईनं मला घालून दिलेली रीत आहे."

मी पोरीचं सगळं सांगितलं. आवाज चढला. तिचाही चढला. ती म्हणाली, वर्षभर हत्यारं आपल्यासाठी राबतात, दोन दिवस त्यांचे. मी म्हटलं, देव काय एवढा कोपिष्ट आहे का? ती म्हणाली, कोपाचा प्रश्नच नाही, शब्दाचा आहे. मी तणतणत गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तीस वर्षांच्या संसारात या बाईला मी एकदाही हरवलेलं नाही. पण त्या दिवशी मला राग कमी आणि भीती जास्त वाटत होती. पोरीचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

थोड्या वेळानं ती मागं येऊन उभी राहिली. चप्पल घालून, पदर खोचून. "चला."

"कुठं?"

"देहूरोडला. तुमची हत्यारं मी उठू देणार नाही. पण तुमच्या हातांना कुठं मी कुंकू लावलंय? ते मोकळेच आहेत. आणि सिस्टरकडं आहे ना तो डबा."

ज्या डब्याला मी वर्षभर शिव्या घातल्या, तो डबा! पण बोलतो कोणाला?

आश्रमाच्या ओट्यावर डबा उघडला. सिस्टरांनी जरा दबकत विचारलं, "काका, आमच्या हत्यारांना आज चालतंय ना?" मी म्हटलं, "न चालायला त्यांना कोणी पुजलंय कुठं? गंजून पडलीत बिचारी." त्या मनापासून हसल्या आणि हातातली जपमाळ कमरेला खोचून बाह्या वर करून बसल्या.

असं काम मी जन्मात केलं नव्हतं. पक्कड उघडली की मिटेना, मिटली की उघडेना. हॅक्सॉचं पातं खुर्चीच्या उजव्या हातावरच तुटलं. दुसरं होतं, ते सिस्टरांनी लावलं, आणि डावा हात त्यांनीच कापला, दमल्या तेव्हा एक भजन गुणगुणत, त्याच्या ठेक्यावर. बायको खोबरेल तेल आणि पॉलिश पेपर घेऊन कापलेल्या कडा गुळगुळीत करत होती, म्हणजे पोरीला लागणार नाही. पोरगी खाटेवर बसून हुकूम सोडत होती, "काका, चिडा! तुम्ही आज चिडत नाहीयात, काम बिघडेल!" मी ड्रिल फिरवत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं. टूलरूमच्या साहेबानं ते काम बघितलं असतं तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

पोळ्या लाटायचं टेबल ओढलं, खाली विटा सरकवून कंपनीच्या टेबलाएवढं उंच केलं. पोरीला खुर्चीत बसवलं. तिनं चाकं पुढं ढकलली. खुर्ची आत गेली. सरळ आत, पोट टेबलाला टेकेपर्यंत! तिनं दोन्ही हात टेबलावर पसरले आणि हवेतल्या हवेत एक वायर जोडून बघितली. मग अशी आरोळी ठोकली की स्वयंपाकघरातल्या दोन सिस्टर लाटणी घेऊन धावत आल्या.

ट्रायलच्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला. "काका, आत गेली खुर्ची. आणि मी उद्या पण जाणारे. परवा पण." मी फोन बायकोकडं दिला, कारण माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

नंतर मी माझी चांगली हत्यारं घेऊन गेलो. सिस्टरांनी कापलेला डावा हात दोन सूत आखूड होता, ते माझ्या डोळ्यांत सलत होतं. पोरीनं खुर्चीला हात लावू दिला नाही. म्हणाली, "हेच बरोबर आहे."

यंदा खंडेनवमीला आम्ही दोघं झेंडू घेऊन आश्रमात गेलो, सहजच. ओट्यावर एक पाट मांडलेला. त्यावर डब्यातली हत्यारं, घासून, गंज काढून, तेल लावून. सिस्टर म्हणाल्या, "काका, कुंकू मी लावणार न्हाई, ते तुमचं. घासणं मात्र आमचं." पाटाशेजारी धुतलेली रिकामी खुर्ची. पोरगी पायरीवर ऐटीत बसलेली, पाय शालीत गुंडाळून. "कंपनीला सुट्टी, आज हिलापण सुट्टी," ती म्हणाली. "मला जे हवं ते तुम्ही सगळ्यांनी उठून आणून द्यायचं."

मी पक्कडीला, हॅक्सॉला, ड्रिलला कुंकू लावलं. खुर्चीच्या दोन्ही हातांना लावलं, आखूड हाताला जरा जास्तच. फुलं वाहिली. मागं वळलो तर बायकोनं माझे दोन्ही हात धरले, पालथे केले, आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्यावर कुंकवाचं बोट ओढलं.

"मागच्या वर्षी राहून गेलं होतं," ती म्हणाली.

आयुष्यभर बडबडणारा मी तसाच हात पुढं धरून उभा राहिलो. पायरीवरून पोरगी ओरडली, "काका, आता दोन दिवस तुम्हालाही सुट्टी! बसा इथं माझ्याजवळ!"

बसलो.