मागच्या सीटवरचा रस्ता

"मी येणार नाही," ताई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

झालं! लोणीरावांचं डोकंच फिरलं. गाडी दारात उभी, मागचं दार उघडून ठेवलेलं, उशी, काठी, पाण्याची बाटली सगळं जागच्या जागी, आणि ही बाई म्हणते येणार नाही. लागोपाठ तिसऱ्यांदा. स्टुलावरून पडून खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, दोन महिने आठवड्यातून तीनदा व्यायामाला आणा. एवढ्या दिवसांत पाय वळला तर वळला, नाहीतर कायमचा आखडेल आणि बाई पुन्हा उठून चालायच्या नाहीत. त्या दोन महिन्यांतला एक महिना सरत आला होता.

"अगं, तुला चालायचंय की नाही?"

"बहात्तर वर्षं चालले. पुरे झालं की."

"हे काय बोलणं झालं?"

"ओरडू नकोस. मी घरीच करते व्यायाम."

घरी करते, डोंबलाचा! पाय वळवायचं यंत्र तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि ही इथे पांघरूण ओढून पडणार. लोणीराव पाय आपटत बाहेर आले. बायको दारातच उभी होती. ती म्हणाली, "हट्टीपणा तुमच्या घराण्यातच आहे. मी काय बोलणार?" तिला आयती संधी मिळाली होती, ती कशाला सोडेल!

लोणीरावांचं वय साठ. त्यांतली बत्तीस वर्षं त्यांनी एकाच कंपनीत साहेबांची गाडी चालवली. तीन साहेब आले आणि गेले, ड्रायव्हर तोच. साहेबांनी मागे बसून काठोकाठ भरलेल्या कपातून चहा प्यावा आणि थेंब सांडू नये, अशी त्यांची चालवणी. रस्त्यावरचा खड्डा खड्डा ते नावानिशी ओळखत. निवृत्त झाले तेव्हा कंपनीने जुनी गाडी विकायला काढली, ती लोणीरावांनीच घेतली. रोज सकाळी तिला पुसायचे, आणि कोणी शेजारी उभा राहिला की सांगायचे, "गाडीचं काय हो, गाडी कोणीही घेतो. हात लागतो, हात!"

म्हणजे माणूस गुणी होता, पण थोडा फुशारलेला. हातात खरंच गुण असला की जरा फुशारकी येतेच, त्याला काय करणार?

त्या दिवशी ताई आली नाही म्हणून सकाळ मोकळी पडली. गाडीच्या मागून दोनेक महिने एक बारीक टकटक येत होती. डिकीतला जॅक सैल झाला असेल म्हणून त्यांनी तो फडक्यात गुंडाळून ठेवला होता, तरी टकटक आपली चालूच. राग कुठेतरी काढायचा, म्हणून ते गाडी घेऊन गॅरेजवालीकडे गेले.

या गॅरेजवालीचे वडील कंपनीच्या गाड्या बघायचे. म्हाताऱ्याचे गुडघे गेले आणि पाना लेकीच्या हातात आला. लोणीरावांनी तिला परकर-पोलक्यात पाहिलेली, त्यामुळे ती त्यांना काका म्हणायची आणि बोलायला मुळीच भ्यायची नाही. तिने टकटक ऐकून घेतली, मागे गेली, डिकीवर दोन्ही हात ठेवून सगळा भार टाकला आणि सोडला. गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"काका, दाबून सोडलं की एकदा वर येऊन थांबायला पाहिजे. ही तर पाळण्यासारखी झुलतेय."

मग ती खाली वाकली आणि चाकाच्या आत बॅटरी मारून तिने दाखवलं. स्प्रिंगच्या मधला नळकांड्यासारखा शॉकअब्सॉर्बर तेलाने ओला झाला होता आणि त्यावर धुळीचा काळा चिखल बसला होता. दुसऱ्या बाजूचाही तसाच. "तेल बाहेर आलं की त्यात राम उरत नाही. मागचे दोन्ही गेलेत."

"काहीतरीच! मी रोज चालवतो. मला तर काही लागत नाही."

"तुम्ही बसता कुठे?"

"म्हणजे?"

"पुढचे दोन बाबांनी दोन वर्षांपूर्वी बदललेत. तुम्ही पुढे बसता, वर हातात स्टेअरिंग. खड्डा आधी दिसतो, अंग आपोआप सावरतं. मागे कधी बसलात?"

लोणीरावांनी आठवून पाहिलं. आणि गंमत बघा, बत्तीस वर्षांत आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत हा माणूस आपल्या गाडीत मागे एकदाही बसला नव्हता. मागची सीट साहेबांची, पाहुण्यांची, आता ताईची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"बसा मागे," ती म्हणाली. "मी चालवते. ताईआत्यांना नेता त्याच रस्त्याने."

लोणीराव ताईच्या जागी बसले. बसल्याबसल्याच शिकवणी सुरू झाली: "डावीकडे घे, पुढे गटाराचं झाकण आहे, ब्रेक आत्ताच." पण थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं की मागून काही दिसतच नाही. समोर सीटची पाठ, कडेला दुकानांची पळती दारं. खड्डा येतो तो न सांगता येतो. पहिलाच आला आणि सीट खालून निसटल्यासारखी झाली, मग वर येऊन कंबरेवर आदळली. दात वाजले. संपलं म्हणावं तर गाडी आणखी दोनदा झुलली आणि दोन्ही वेळा कंबरेत कळ गेली. लोणीरावांच्या कंबरेत काही मोडलेलं नव्हतं, तरी.

आधारासाठी त्यांनी दारावरच्या मुठीला हात घातला. मूठ हातात हलली. तिचा एक स्क्रू छतातून उपटून निघाला होता आणि दुसरा निघण्याच्या बेतात होता. रोज काचा पुसणाऱ्या माणसाच्या नजरेला हे पडलं नव्हतं. ही मूठ धरणारं या गाडीत दुसरं कोण होतं?

"थांबव," ते म्हणाले. "थांबव गं जरा."

तिने गाडी कडेला घेतली. लोणीरावांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. आठवड्यातून तीनदा, जाताना आणि येताना, सळई घातलेल्या खुब्यावर हे धक्के! आणि पुढे बसून आपण विचारायचो, "कशी चालवली?" आणि ती म्हणायची, "छान." ज्याचं जळतं त्याला कळतं, आणि जिचं जळत होतं ती तोंडातून अवाक्षर काढत नव्हती.

मग खर्चाचं बोलणं निघालं. पेन्शन तुटपुंजी, गाडी जुनी.

"उजवीकडचाच तर वाजतो," लोणीराव म्हणाले. "तेवढाच बदलू या का?"

"एका पायात नवा बूट आणि दुसऱ्यात झिजलेली चप्पल घालून चालाल का, काका? बदलायची तर जोडीच."

"मग भंगारातून आण."

"दुसऱ्याच्या गाडीत दमलेला तुमच्या गाडीत काय उभारी धरणार? ऐका माझं. नवेच घेऊ, पण साध्या कंपनीचे. स्प्रिंगा शाबूत आहेत, त्याच ठेवू. वरचे रबर मात्र नवे घालायचे, तिथे कंजूषपणा केला तर सहा महिन्यांनी सगळं पुन्हा उघडावं लागेल. आणि मजुरी वाचवायची असेल तर मागची सीट आणि आतले पत्रे तुम्ही काढून आणा."

लोणीरावांनी दोन दिवस अंगणात बसून सीट काढली, पत्रे काढले, गंजलेल्या नटांवर सकाळ-संध्याकाळ तेल सोडलं. आवडीचं काम, पण तोंड शिवल्यासारखं बंद. बायको चहा ठेवून गेली तरी हूं नाही की चूं नाही. तिने दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

तिसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गाडी वर चढली. स्प्रिंग दाबून धरायचा शिकंजा लावताना तिने काकांना भिंतीपाशी उभं केलं. "ही सुटली तर जबडा घेऊन जाईल. इथे तुमचा हात लावायचा नाही." काकांनी निमूट ऐकलं. जुने निघाले, नवे बसले. शेवटचे नट तिने गाडी चाकांवर उतरवून मगच आवळले, म्हणजे रबराला पीळ राहत नाही. मग डिकीवर भार टाकून सोडला. गाडी एकदा वर आली आणि थांबली. मुठीचा स्क्रू लोणीरावांनी स्वतः बसवला.

घरी आल्यावर ते सरळ ताईच्या पलंगापाशी गेले.

"ताई, तुला गाडीत लागत होतं ना?"

"नाही रे."

"खोटं बोलू नकोस. मी मागे बसून आलोय."

ताईने मान वळवली.

"कोणी बसवलं तुला मागे?"

"ते सोड. सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार?" ताई म्हणाली. "शाळेत तीनदा नापास झालास तेव्हा सगळे म्हणाले, हा कामातून गेला. मी लोकांचे कपडे शिवून तुला गाडी शिकवली. पहिल्या दिवशी मला बसवून फिरवलंस आणि मी अख्ख्या गल्लीला सांगितलं, माझा भाऊ चालवतो म्हणजे लोणी. नाव मीच ठेवलंय तुझं. आता मीच म्हणू, की तुझ्या गाडीत जीव जातो?"

"म्हणजे पाय गेला तरी चालेल?"

"मला वाटलं, तुझा हात गेला," ताई हळूच म्हणाली. "म्हातारा झालास, आणि ते तुला माझ्या तोंडून कळू नये."

लोणीराव पलंगाच्या कडेवर बसले. त्यांना ओरडायचं होतं, हसायचंही होतं, आणि दोन्ही जमेना. "हात नाही गेला गं, शॉकअब्सॉर्बर गेले होते! वेडाबाई!"

"ते मला काय कळतंय?"

दुसऱ्या दिवशी ताई निघाली. गाडी गॅरेजवालीच चालवणार होती, कारण लोणीरावांनी जाहीर केलं होतं की मी मागे बसणार. मागे बसून त्यांनी ताईची उशी नीट केली आणि दरडावून सांगितलं, "आज एक अट. लागलं तर लागलं म्हणायचं. छान-बिन काही म्हणायचं नाही."

"बरं बाबा."

गतिरोधक आला. गाडी चढली, उतरली आणि लगेच सावरली, झुलली नाही. लोणीराव ताईच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. "समोर बघ की," ती म्हणाली. बाजार मागे पडला, शाळेचं वळण गेलं. ताईचा हात मांडीवर मोकळा होता. मग पुलाआधीचा तो मोठा खड्डा आला. तो चुकवायला जागाच नव्हती. गाडी त्यात उतरली आणि बाहेर आली.

"लागलं," ताई म्हणाली.

"किती?"

"थोडं. पहिल्यासारखं नाही. पण लागलं."

लोणीराव पुढे वाकून "हळू घे गं" म्हणाले. तोंड खिडकीकडे वळवून ते शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागले.

ताईने त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला.

"अरे, लागलं मला, आणि रडतोस तू?"