सागाची खुंटी

गाडीची झिजलेली क्लच प्लेट स्वतःच बदलावी म्हणून जुना हत्यारांचा डबा आज पहिल्यांदा उघडला, तर ग्रीसच्या वासात सागाची खुंटी हाती लागली.

काही वर्षांपूर्वी मुरबाडच्या खळ्यावर आम्हा भावांच्या जीपची प्लेट बदलताना गिअरबॉक्स काही केल्या बसेना. घासाघीस करून आणलेली प्लेटच खोटी, असं म्हणत मी दुकानदाराला शिव्या घालत होतो.

"तुज्या शिव्या आयकून ती मधी यायची नाय रे," म्हणत दादाने ही खुंटी तासली, तिच्यावर प्लेट मधोमध धरली आणि गिअरबॉक्स अलगद आत सरकला.

पुढे मला न विचारता त्याने जीप विकली, आणि हा डबा माझ्या ओट्यावर ठेवून गेला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही.

खुंटी या गाडीला जरा जाड पडली. राग अजून तसाच आहे, तरी ती तासताना तोंडून एकही शिवी निघाली नाही.