प्रिसिलाचा अल्बम आणि चोरलेला श्वास

मे महिन्यातली दुपार होती. प्रिसिला तेव्हा सातवीत… होळी गावातल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत आम्ही मायलेकी ताडगोळे सोलत बसलो होतो, आणि ती रविवारच्या मिस्सेचं गाणं घोकत होती.

मी चर्चच्या कॉयरला गाणं शिकवते. तिला सांगितलं, ओळ संपली की सगळेच श्वास घेतात, मग गाण्याला भोक पडतं. तू ओळीच्या मध्येच घे, चोरून. तिने घेतला, पण 'हिक्' असा बारीक आवाज झालाच. मी म्हटलं, "चोर पकडला." ती इतकी हसली की ताडगोळ्याचं पाणी फ्रॉकवर सांडलं.

इतकंच. त्या दुपारी दुसरं काहीच घडलं नाही…

ही माझी मुलगी पावसाळ्याच्या शेवटी गेली. तापाचं निमित्त झालं. तिशीही पूर्ण केली नव्हती.

ती एका बँडमध्ये गायची. ब्रुटल डेथ मेटल आणि ग्राइंडकोअर. 'गायची' वाचून आमच्या कॉयरमधल्या बायका हसतील, कारण यात सूर नसतो, घशाच्या तळातून गुरगुरायचं असतं. बाथरूममधून पहिल्यांदा तो आवाज आला, तेव्हा तिला उलट्या होताहेत असं वाटून मी लिंबूपाणी घेऊन दाराशी उभी राहिले होते. बाहेर येऊन म्हणाली, "मम्मी, प्रॅक्टिस करतेय. पण दे, तहान लागलीय."

ती गेल्यावर लक्षात आलं, तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नाही. फोटो ढीगभर. पण मेसेज ती टाइप करायची, आणि तिच्या फोनचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही. वाढदिवसाच्या व्हिडिओंत सगळेच एकदम ओरडतात, त्यात ती वेगळी सापडत नाही…

तिचे पप्पा एकदा म्हणाले, "ती 'पप्पा' कशी म्हणायची, ते नीट आठवत नाही गं." मलाही आठवेना. मी ते त्यांना सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी प्रणय आला. विरारला राहतो, तिच्या बँडमध्ये ड्रम्स वाजवतो. त्यांचा अल्बम तयार झाला होता. प्रिसिलाचं रेकॉर्डिंग ती असतानाच उरकलं होतं. सीडींचं खोकं टेबलावर ठेवत तो म्हणाला, "आंटी, नाही ऐकलं तरी चालेल."

मी म्हटलं, लाव. पण हळू लाव.

तो अवघडला. "आंटी, हे हळू वाजत नाही."

लावल्याबरोबर माझी नणंद स्वयंपाकघरातून बाहेर आली. "वहिनी, सैतानाला जेवायला बोलावलंस काय? पवित्र पानी तरी शिंपड आधी." प्रणय बंद करायला उठला. मी त्याला खाली बसवलं.

मग मी कॉयरच्या बाईसारखं कान देऊन ऐकलं. एक गाणं तर शिंक येऊन जावी एवढंच. एकात मध्येच आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमधला ट्रम्पेट येतो, वरातीतून चुकल्यासारखा एकटाच… आणि ड्रम्स त्याच्यावर कोसळतात. सूर नाही, चाल नाही, पण शिस्त केवढी. चौघं एका क्षणी थांबतात, सुरीने कापल्यासारखे. माझा कॉयर इतक्या वर्षांत एकदाही असा एकत्र थांबलेला नाही.

आणि एक. ती गेल्यापासून सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. आमच्या घरात जे घडलंय, त्याच्या मापाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

पण प्रिसिला त्यात नव्हती. मी शोधत होते… ते गुरगुरणारं कोण होतं, मला काही केल्या ओळखू येईना. एकेक गाणं संपत गेलं, तशी मी आतून विझत गेले. आता हेही गेलं, असं वाटलं.

शेवटच्या गाण्यात ती एकच आवाज ओढत राहते. ड्रम्स थांबतात, गिटार थांबते, तिचा आवाज चालूच… आणि मध्येच, 'हिक्'.

मी म्हटलं, परत लाव.

प्रणय म्हणाला, "ते ना आंटी… मिक्सिंगवाला बोलला, श्वास कापून टाकू. तीच बोलली राहू दे. घरी पकडणारं कोणीतरी आहे, बोलली. आम्हाला काय समजलं नाही."

तिचे पप्पा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी विचारलं, "हीच का?" मी मानेनेच हो म्हटलं.

मिळालं ते एवढंच, एक श्वास. त्याने काही भरून निघत नाही. रोज लावते, आणि त्यानंतरची शांतता कालच्यापेक्षा लांब वाटते… तरी प्रणय, तुम्ही पोरांनी तो कापला नाहीत. देव तुमचं भलं करो.

आता तिच्या वस्तूंचं. काळे टी-शर्ट बँडमधल्या तिघांनी न्यावेत. धुतलेत, इस्त्री केलेली नाही, छाप उखडतो. बूट तिच्या मावसबहिणीला, तिला बरोबर होतात.

माइक कळंबच्या त्या मुलीला, जिने मला लिहिलं की ताईचं ऐकून तीही हे शिकतेय. बाळा, येताना आईला घेऊन ये. तिच्याशी मी बोलते.

सीडी ज्याला खरंच ऐकायची असेल, त्याने घरी येऊन न्यावी. शोभेला ठेवायला मागू नका. एक नणंदेने पदराखालून नेलीय, ती तिच्याकडेच राहू द्या.

आणि कुणाच्या फोनमध्ये तिची एखादी व्हॉइस नोट असेल… 'पोचले', 'पाच मिनिटांत येते', एवढीशीच का असेना… ती आम्हा दोघांना द्या.