हैदराबादचा पत्ता

म्हैसूरच्या हेब्बाळमधल्या त्या कंपनीत मी शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा मला सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर आमच्या टीमचे सीनियर मराठी बोलायचे याचा. ते पुण्याचे. आम्ही पिढ्यानपिढ्या म्हैसूरचे, घरी मराठी बोलणारे, मूळचे रंगारी. बाबा नजरबादला साड्यांना फॉल-पिको करून देतात. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. ऑफिसात कुणाशी कसं बोलावं हे सांगणारं घरी कुणी नव्हतं. सीनियर म्हणाले, सर काय म्हणतेस, दादा म्हण. माझ्या मराठीत कन्नड शब्द फार येतात, त्याची मला लाज वाटे. त्यांना ती मराठी गोड वाटायची, निदान तसं ते म्हणायचे. कामाचंही ते माझ्याशी मराठीतच बोलत, सगळ्यांच्या मधोमध, मोठ्याने. शेजारच्या टेबलांवर कुणाला त्यातलं काही कळत नसे.

माझ्याकडे डेटाबेसच्या जोडणीचं काम होतं. मुख्य डेटाबेस बंगळूरच्या डेटा सेंटरमध्ये, त्याची चालू प्रत हैदराबादला. आमच्या ॲपच्या सेटिंगमध्ये दोन्ही पत्ते द्यायचे. बंगळूर बंद पडलं की ॲपने आपणहून हैदराबादकडे वळायचं. याचा एक सराव व्हायचा होता; त्या दिवशी हे नीट झालं तर तुला कायम करू, असं मॅनेजर मॅडम म्हणाल्या होत्या. मी ते घरी सांगूनही टाकलं होतं.

त्याआधी एकदा ग्राहकाला ॲप दाखवायचं होतं. त्या सकाळी जोडणी लागायला फार वेळ लागत होता. हैदराबादकडचा रस्ता नेटवर्कवाल्यांनी अजून पुरता उघडला नव्हता, आणि ॲप तिथे वाट बघत बसत होतं. दादा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"हैदराबादचा पत्ता काढून टाक आत्ता. नंतरचं मी बघतो."

मॅडमना कळवायला नको का, असं मी विचारलं. मी बोलतो त्यांच्याशी, ते म्हणाले. मी पत्ता काढला आणि तो दिवस छान पार पडला.

सरावाच्या आदल्या दिवशी मी त्यांना आठवण करून दिली. पत्ता मी परत घातलाय, तू बाकीचं बघ, असं ते म्हणाले. मी उघडून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं झालं असतं, आणि आपल्या माणसावर कुणी असा संशय घेतं का, असंच मला तेव्हा वाटलं.

सरावात बंगळूर मुद्दाम बंद केलं. हैदराबाद तयार होतं. आमचं ॲप मात्र बंद पडलेल्या बंगळूरचंच दार वाजवत राहिलं.

मीटिंगमध्ये मॅडमनी विचारलं, पत्ता कुणी काढला? बदल माझ्या लॉगिनवरून झाला होता. मला सांगितलं होतं म्हणून काढला, असं मी अडखळत इंग्रजीत म्हटलं. शेजारी बसणारा मुलगा म्हणाला, दोघं काहीतरी बोलत होते खरं, पण काय ते मला कळलं नाही. मॅडमनी दादांकडे पाहिलं. ते हसले. त्या हसण्यात राग नव्हता, उलट माया होती.

"तिचा दोष नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "आम्ही मराठीत बोलत होतो. तिची मराठी इथली, अर्धी कन्नड. माझं म्हणणं तिला नीट समजलं नसणार."

कुणीतरी हलकंसं हसलं. ज्या भाषेत मी आईशी भांडते, ज्या भाषेत तापात बडबडते, ती मला समजत नाही, असं माझ्यादेखत ठरलं. मी तोंड उघडलं, पण कोणत्या भाषेत बोलावं तेच सुचेना. मॅडम म्हणाल्या, कायम करण्याचं पुढच्या सरावानंतर बघू.

घरी आईने दारातच विचारलं, "नोकरी पक्की झाली, अल्वा?" 'हो ना'च्या जागी आमच्याकडे कन्नड 'अल्वा'च येतं.

नाही झाली, म्हटलं. बाबांनी मशिनवरून मान वर केली. तुमचे ते मराठी साहेब काही बोलले नाहीत का तुझ्यासाठी?

"बोलले," मी म्हटलं, आणि आत गेले.

पुढच्या आठवड्यात दादा नेहमीसारखे खुर्ची ओढून बसले आणि मराठीत सांगू लागले, की दुसऱ्या पत्त्याकडे वळण्याआधी ॲप किती वेळ थांबतं, ते कमी कर.

"दादा, तेवढं मेलवर लिहून द्या. मॅडमनाही पाठवा."

"अगं, आपल्याआपल्यात मेल कसला?"

मेल येईपर्यंत मी कीबोर्डला हातही लावला नाही.