सुमित्राक्काचा न ऐकलेला शेवट

सुमित्राक्का गेल्याचं तिच्या लेकीने फोनवर सांगितलं, तेव्हा मी चटई अंथरून तिचीच वाट बघत होते. त्या दुपारी ती नव्या कादंबरीचा शेवट वाचून दाखवणार होती. "मावशी, आई आता येणार नाही..." एवढंच बोलली पोर. मी म्हणाले, "सरी, बरं, उद्या येऊ दे." डोक्यात शिरलंच नाही.

आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. घर मराठी, शाळा कन्नड. मराठी छापील पान म्हणजे मला मुंग्यांची वरात. हा लेखसुद्धा मी सांगतेय आणि पुण्याची सून उतरवून घेतेय. त्यामुळे अक्काची एकही कादंबरी मी वाचलेली नाही. सगळ्या ऐकल्यात, छापायच्या आधी. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायकांवर तिने आयुष्यभर लिहिलं. पुस्तकं निघायची पुण्यात, हारतुरेही तिकडेच. आमच्या गल्लीला तिचा फक्त आवाज ठाऊक, आणि तो असा, की होसूर रोडवरच्या लॉऱ्या हॉर्न आवरते घ्यायच्या!

ती वाचायची, मी अवरेच्या शेंगा सोलायची. माझे हात थांबले तर पान राहायचं, चालू राहिले तर तिथल्या तिथे काट. एकदा तिची नायिका पानंच्या पानं रडली आणि माझी टोपली भरली. अक्का भडकली, "ती रडतेय आणि तू सोलतेस, शारदे?"

"अक्का, कामावरून आलेल्या बाईला एवढी सवड कुठली? कुकर लावायचाय तिला."

रडणं गेलं, कुकर राहिला.

मी तिला सांगितलं, माझ्या आत्याने मारकुट्या नवऱ्याला नारळावर चढवून शिडी काढून घेतली होती; दसऱ्याला चढलेला, दिवाळीला उतरला. "थापाडी मेली!" म्हणत अक्काने कादंबरीत त्याला एकच संध्याकाळ वर ठेवला. समीक्षकांनी लिहिलं, दाहक वास्तव!

आता ती शेवटची कादंबरी छापून आलीय. तिच्यातली बाई आनेकलच्या बसमध्ये बसलीय, नवऱ्याच्या घरापाशी उतरायचं की पुढे जायचं... इथवर मी ऐकलंय. सून रोज विचारते, "आई, शेवट वाचून दाखवू?" छान वाचते ती. मी म्हणते, "स्वल्प थांब."

बसू दे त्या बाईला खिडकीशी. ती उतरली, की अक्काकडे मला सांगायला काही उरणार नाही.