फ्लेक्सवरून काढलेली साखळी

चौकातला अण्णांचा फ्लेक्स आज सकाळी मीच फाडला.

ग्रुपवर सकाळपासून चौकशी चालू आहे, कुणी फाडला, कुणाची एवढी हिंमत. पोलिसात द्यायची भाषा करणाऱ्यांनी माझं नाव लिहून घ्यावं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन आज वर्ष झालं. संध्याकाळी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. त्यासाठी लातूरच्या दादानं, माझ्या सख्ख्या भावानं, नांदेडला आमच्या चौकात दहा फुटी फ्लेक्स लावून घेतला.

त्यावर अण्णा वाघाच्या पाठीवर हात ठेवून बसलेत. मागे घनदाट जंगल. खाली अकरा शोकाकुल चेहरे, त्यातले सात गॉगल लावून.

ते जंगल खोटं आहे.

तो फोटो थायलंडच्या एका बेटावरच्या पार्कमधला आहे. मागे कोल्ड्रिंकचा फ्रीज होता. आणि वाघाच्या गळ्यात साखळी होती.

साखळी फ्लेक्सवाल्यानं एडिट करून काढली. "बरी दिसत नव्हती," म्हणे.

ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ते किनवटच्या जंगलात वनरक्षक होते. इस्लापूरकडचा भाग त्यांनी एकतीस वर्षं पायी तुडवला. एवढ्या वर्षांत वाघ दिसला दोनदा, तोही लांबून.

ठसे मात्र दिसायचे. मातीत पंजा उमटलेला सापडला की अण्णा माप घ्यायचे, वहीत नोंद करायचे आणि मग पळसाच्या फांदीनं तो ठसा पुसून टाकायचे.

लहानपणी मी विचारलं होतं, कशाला पुसता?

"त्यो कुणीकडं गेला ते साऱ्या गावाला कशाला सांगायचं?"

अशा माणसाला आम्ही सुट्टीत वाघ दाखवायला नेलं. आमची अक्कल कुठे गेली होती कुणास ठाऊक.

दादानं पॅकेज हौसेनं घेतलं होतं, हे मी नाकारत नाही. समुद्र, बोट, एक दिवस 'वाइल्डलाइफ सफारी'. सफारी म्हणजे काय, तर सिमेंटचा रस्ता, दोन्हीकडे जाळी आणि जागोजागी सेल्फी पॉइंट.

एक हत्ती सोंडेत ब्रश धरून फुलाचं चित्र काढत होता. आमच्या टूरमधले निलंग्याचे एक काका टाळ्या वाजवून म्हणाले, "लई हुशार हाय हो."

अण्णा त्याच्या कानामागच्या जखमा बघत होते.

"हुशार न्हाई. भ्यालंय ते."

पुढे चौथऱ्यावर वाघ होता. शेजारी काठीवाला माणूस, समोर फोटोसाठी रांग. बायका, म्हातारे, नवी लग्न झालेली जोडपी, सगळे येत होते, त्याच्या पाठीवर थापा मारत होते, उठून जात होते.

दादा म्हणाला, "अण्णा, बसा की. सारी नोकरी वाघामागं गेली अन् वाघासंगं तुमचा एक फोटो न्हाई."

"कसा असंल बाबा?"

"म्हणून तर म्हणतो. माझ्यासाठी बसा."

लेकाचं मन मोडवेना म्हणून अण्णा बसले.

फोटो मी काढला. "अण्णा, हसा ना," हेही मीच म्हणाले.

परतताना बसमध्ये ते माझ्याशेजारी होते. मग म्हणाले, "माय, त्याची नखं काढलीत. म्या बघितलं. कायतरी देऊन निजवलंय त्याला."

मी म्हटलं, दिवसा वाघ झोपतातच ना अण्णा.

"झोपतात. पर असा माणूस येऊन टेकल्यावर न्हाई झोपत."

थोड्या वेळानं परत म्हणाले, "माझंच चुकलं. बसाया नको हुतं. तेवढा फोटो काढून टाक."

हो, टाकते, मी म्हणाले.

काढून टाकला नाही. हॉटेलवर पोचल्या पोचल्या स्टेटसला ठेवला. वर मुकुटाचं इमोजी. दादालाही पाठवला. तिथून तो चौकात आला, त्यामुळे एकट्या दादावर चिडायचा मला हक्क नाही. तरी चिडले आहे.

आज सकाळी दूध आणायला गेले तर तो फोटो समोर. मोबाइलवर एवढ्या वेळा बघितला होता, पण जे दहा फुटांवर दिसलं ते कधीच दिसलं नव्हतं.

अण्णांचा हात वाघाच्या पाठीवर नाही. बोटभर वर आहे.

सगळ्या जगानं हात लावून घेतला त्या जनावराला. माझ्या बापानं नाही लावला.

मग मला राहवलं नाही. शेजारून शिडी आणली.

दादाला तेवढं मी कळवलं, तसा त्याचा फोन आला. "येडी झालीस का तू? लोक काय म्हणतील? दुसरा चांगला फोटो तरी हाय का त्यांचा?"

नाही. ओळखपत्रावरचा आहे फक्त, खाकी शर्टातला. तोच घेऊन फ्लेक्सवाल्याकडे गेले.

"ताई, लई बारीक हाय. मोठा केला की नुसते ठिपके दिसतात, फाटून राहिला फोटो."

फाटू द्या, म्हटलं.

आणि जे येत्या सुट्टीत बेटावर निघालेत त्यांना हात जोडून सांगते. समुद्र बघा, मासे खा, बोटीत बसा. वाघाशेजारी बसू नका. त्याला निजवलेलं असतं, आणि तुमच्या फोटोसाठी निजवलेलं असतं. एवढी साधी गोष्ट कळायला मला बाप गमवावा लागला, याची लाज वाटते.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात अण्णांना धड बोलता येत नव्हतं. एकदा मला खुणेनं जवळ बोलावलं. वाटलं, पाणी हवंय.

"त्यो फोटो काढून टाकला का गं?"

हो अण्णा, कधीच काढला, म्हणाले मी. त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

आज सकाळी काढला, अण्णा. खोटं बोलले तेव्हा. माफ करा.

जयभीम.
तुमची लेक.